ठकूबाईचं दुपारचं पाणी

डोंगरावर खंडोबाचं देऊळ आणि डोंगराच्या पायाशी एक गाव. त्या गावात ठकूबाई नावाची बाई राहायची. हाताने उदार, कामाला वाघ, पण डोकं असं, की सकाळी गार आणि दुपारी तापलेला तवा. सकाळी जिला "ये गं माझी बाय" म्हणून ताजी भाकरी द्यायची, तिलाच दुपारी "आता कशाला तडमडलीस" म्हणून दारातून परत पाठवायची. गावाला त्याची सवय झाली होती. ठकूबाईकडे काही मागायचं असेल तर माणसं सकाळी यायची, नाहीतर दिवेलागणीला. दुपारी तिच्या अंगणातून कुत्रंही जात नसे.

त्या गावची एक रीत होती. चातुर्मासात तिथे कुणी वांगं खात नसे. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा, देवाच्या कुत्र्यांना घास घालायचा, आणि मगच घरोघर वांगं शिजायचं. ही भरताची वांगी बाजारातून आणून चालत नसत. दरवर्षी एका घराचा मान असे. त्या घराने आपल्या परसात वांगी लावायची, आणि त्याच वांग्यांचं भरीत देवाला आणि सगळ्या गावाला वाढायचं. मान घरोघर फिरत यायचा. एकदा येऊन गेला की बाईच्या जन्मात पुन्हा येईलच असं काही नव्हतं.

ठकूबाई नवी नवरी म्हणून आली त्या वर्षी मान तिच्या सासूकडे होता. जेवणाऱ्या पंगतीत जो तो सासूला म्हणत होता, काय भरीत झालंय. ठकूबाई कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिने तेव्हाच मनाशी धरलं, की पुढचा मान आपला, आणि वांगी आपल्या माहेरची. माहेरच्या वांग्याचं बी तिने पदराला गाठ मारून आणलं होतं. काटेरी देठाची, जांभळ्या अंगावर पांढऱ्या रेघा असलेली ती वांगी गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हती. दरवर्षी पावसाच्या पाण्यावर दोन झाडं लावून ती बी धरायची, राखेत घोळून मडक्यात ठेवायची आणि वाट बघायची. वाट बघता बघता केस पांढरे झाले. सासू गेली, नवरा आणि धाकटा दीर वेगळे झाले, परसाच्या मधोमध भिंत आली. आणि शेवटी एकदाचा मान दारात आला.

आणि नेमका याच वर्षी पाऊस पळाला.

गौरी जेवल्या त्या दिवशी ठकूबाईने वांग्याची रोपं लावली. चांगल्या दोन लांब ओळी. शेजारी मेथी, मुळा आणि कोथिंबिरीचे वाफे केले. गौरींच्या मागोमाग पाऊस जो गेला तो गेलाच. भाद्रपदातच आश्विनातलं ऊन पडायला लागलं. मेथी वर आली ती पिवळी होऊन बसली. मुळ्याला नुसता पाला. कोथिंबीर तर वर यायलाच तयार नाही. वाफ्यातली माती तडकून तिचे पापड झाले.

"हे ऊन आहे का सूड आहे?" ठकूबाई आभाळाकडे बघून म्हणाली.

तिचा नवरा म्हाळू ओट्यावर दोर वळत बसला होता. तो म्हणाला, "पाऊस गेला की ऊन पडायचंच."

"तुम्ही गप बसा. तुमचा दोर वळून झाला की तुमचं जग चाललं."

म्हाळू पुन्हा दोर वळायला लागला. गप बसायचा त्याला पुष्कळ सराव होता.

एके दिवशी भर दुपारी ती परसात गेली आणि दारातच थबकली. वांग्याच्या सगळ्या रोपांची पानं ओल्या फडक्यासारखी खाली लोंबत होती. ठकूबाईने पदर खोचला, घागर उचलली आणि विहिरीची वाट धरली. विहीर मात्र दोघा भावांत एकच राहिली होती, भिंतीच्या टोकाला. भर उन्हात घागरीवर घागर आणून तिने प्रत्येक रोपाच्या बुडाशी तळं केलं. संध्याकाळी येऊन बघते तर रोपं ताठ उभी.

"बघा," ती म्हाळूला म्हणाली. "मी होते म्हणून जगली. तुमच्या भरवशावर सोडली असती तर आज चुलीत गेली असती."

दुसऱ्या दिवशी दुपारी पानं पुन्हा लोंबली. पुन्हा घागरी, पुन्हा तळी. संध्याकाळी रोपं पुन्हा उभी. त्यानंतर रोज हेच. ठकूबाईचे खांदे भरून आले, तळपाय भाजले, कंबर धरली, आणि दुपार झाली की रोपं आपली मलूल ती मलूल. ही रोपं मुद्दाम आपल्याला छळतात असं तिला वाटायला लागलं. "पोटच्या पोरांना एवढं पाजलं नाही," ती त्यांना म्हणायची, "आणि तुमचं रडगाणं काही संपत नाही."

भिंतीपलीकडे तिची धाकटी जाऊ राहायची, बायजा. ती फार बोलायची नाही, पण बघायची सगळं. तिने दोन-तीन दुपारी हा प्रकार पाहिला आणि भिंतीवरून हळूच म्हणाली, "अक्का, भर उन्हात पाणी नका घालू. ती तहानलेली नाहीत. ऊन चढलं की पान आपोआप लोंबतं. ऊन उतरलं की आपोआप उठतं."

"तू मला वांगी लावायला शिकव," ठकूबाई म्हणाली. "मी या घरचं माप ओलांडलं तेव्हा तुला नाक पुसता येत नव्हतं."

पुढे एकदा बायजा म्हणाली, "निदान बुडाशी बाजरीच्या वाळल्या ताटांचं सरमड तरी पसरा. माती झाकलेली राहील."

"परस आहे का गोठा?" ठकूबाई म्हणाली.

तिसऱ्यांदा बायजाने तोंड उघडलं आणि ठकूबाईचा चेहरा बघून मिटलं. धाकट्या जावेने थोरलीला किती सांगायचं याला सुमार असतो.

आता एवढी सरळ गोष्ट. एक दिवस, फक्त एक दिवस दुपारी घागर न उचलता बसून राहिली असती, तर संध्याकाळी सगळं कळलं असतं. पण बसून राहायचं कोणी? ठकूबाईला काही न करता उभं राहणं जमतच नसे. तिच्या मते हात हलत असले म्हणजे काम होतंच.

मग रोपं पिवळी पडायला लागली. आता काही काही संध्याकाळीही उठेनात. ठकूबाईने विचार केला. बी माहेरचं, त्यात खोट असणं शक्य नाही. म्हणजे माती वाईट, कारण माती सासरची. नाहीतर म्हाळूने टाकलेलं शेणखत कच्चं. नाहीतर कुणाची तरी नजर. तिने परसाच्या दाराला बिब्बा बांधला. रोपांवरून मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, त्या ठसक्याने स्वतःच खोकून बेजार झाली. रोपांच्या बुडाशी दिवसरात्र चिखल होता. त्यात बोट घालून बघायचं मात्र तिला एकदाही सुचलं नाही.

पितृपक्षात सासूची तिथी आली. थोरल्याच्याच घरी असायची, त्यामुळे बायजाही नवऱ्या-पोरांसह आली होती. ठकूबाई पहाटेपासून चुलीपुढे उभी. दुपारी पान वाढून बाहेर ठेवलं, तर कावळा शिवेना. म्हाळू हात जोडून उन्हात उभा. "आई, तुझ्या नातवंडांना सांभाळतो," तो म्हणाला. कावळा फांदीवर बसून बघत राहिला. "आई, भावाशी भांडत नाही." कावळ्याने मान फिरवली. घरात सगळे उपाशी, पोरं रडकुंडीला आलेली, भात गार झालेला.

"जिवंतपणी कधी वेळेवर जेवल्या नाहीत," ठकूबाई पुटपुटली, "आता काय जेवणार." आणि ती तशीच तरातरा परसात गेली.

समोर वांग्याच्या दोन ओळी, पानं खाली लोंबलेली, पिवळी.

ठकूबाईच्या डोक्यात काय गेलं कुणास ठाऊक. ती खाली वाकली आणि उपटायला लागली. "मरायचंच असेल तर एकदाचे मरा. रोज रोज काय माझा जीव घेता." अख्खी एक ओळ तिने उपटून उकिरड्यावर फेकली. दुसऱ्या ओळीला हात घालणार तोच मागून बायजाचा आवाज आला, "अक्का, कावळा शिवला. जेवायला चला." म्हणून तेवढी एक ओळ वाचली. कावळ्याचे उपकार म्हणायचे.

बायजाने उकिरड्याकडे पाहिलं. त्या घटकेला बोलणं म्हणजे उकळत्या तेलात पाणी टाकणं होतं.

दसरा गेला तरी हस्ताचा पाऊस काही आला नाही. ठकूबाईच्या उरलेल्या ओळीतली निम्मी रोपं गेली होती, आणि जी होती ती जगतील असं वाटत नव्हतं. तरी ती रोज दुपारी पाणी घालत होती. सवयच लागली होती.

एका सकाळी देवळातला गुरव दारात आला. म्हणाला, "ठकूबाई, गावात बोलणं चाललंय. वांगी होतील ना? नसतील होत तर आत्ताच सांगा. पुढच्या घरी रोपं आहेत. मान त्यांना देऊ. देवाचं काम अडून चालायचं नाही."

सकाळ होती म्हणून ठकूबाई ओरडली नाही. पण तिच्या डोळ्यांपुढे सासू उभी राहिली, ती पंगत उभी राहिली, आणि मडक्यात जपलेलं बी. ती कशीबशी म्हणाली, "संध्याकाळपर्यंत सांगते."

"दिवा लावायला वर जाताना येतो," गुरव म्हणाला आणि गेला.

संध्याकाळपर्यंत काय होणार होतं? सांगायचं तर "नाही" एवढंच होतं. दुपार होईपर्यंत तिचं डोकं ठणकायला लागलं. तेवढ्यात एक कोंबडी भिंतीवरून पलीकडे उडाली. तिला शिव्या देत ठकूबाई भिंतीला वळसा घालून बायजाच्या परसात गेली आणि जागच्या जागी थांबली.

शेवग्याच्या झाडाजवळ, भिंतीवरून दिसत नसे अशा जागी, वांग्याची एक ओळ होती. चांगली गुडघ्याएवढी झाडं. काटेरी देठ. बुडाशी सरमड पसरलेलं. ही वांगी गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हती, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

"बायजे," ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की विहिरीवर पाण्याला आलेल्या शेजारच्या बायका दोर धरून तशाच उभ्या राहिल्या. "माझ्या माहेरची वांगी तुझ्या दारात कशी?"

बायजा सूप हातात घेऊन बाहेर आली. "तुम्ही उकिरड्यावर टाकलेली. त्या संध्याकाळी उचलली. मुळं धुतली, सडलेली होती ती खुडली आणि लावली."

"विचारलंस मला? चोरलीस ती चोरलीस, वर तोंड करून सांगतेस." मग तिची नजर पानांकडे गेली. ऊन माथ्यावर होतं आणि सगळी पानं खाली लोंबली होती. ठकूबाईला जणू हवं ते मिळालं. "आणि बघ, चोरीचं पचतंय का. मरायला टेकलीत. अगं, पाणी घाल त्यांना, पाणी. माझ्या बियाण्याचा वंश बुडवतेस का?" आणि ती घागर शोधायला लागली.

बायजा तिच्या आणि झाडांच्या मधे उभी राहिली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच थोरल्या जावेपुढे अशी उभी राहिली होती. तिचाही आता संयम संपला होता. "एक थेंब घालू देणार नाही," ती म्हणाली. "सांगून सांगून माझी जीभ दुखली, अक्का. आता संध्याकाळी या. संध्याकाळी मला काय म्हणायचं ते म्हणा. उपटून न्यायची तर घेऊनही जा."

"संध्याकाळी कशाला? मी इथेच बसते. मी गेले की तू गुपचूप पाणी घालशील आणि मला म्हणशील, बघा माझी झाडं."

"बसा," बायजा म्हणाली आणि बाजरी पाखडायला गेली.

ठकूबाई शेवग्याखालच्या दगडावर बसली. बसली म्हणजे काय, धुमसत बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हाताला काम नव्हतं. झाडांना हात लावायची सोय नाही, घरी जायची सोय नाही, आणि बायजा सुपातली बाजरी पाखडते आहे ती पाखडतेच आहे. विहिरीवरच्या बायका कंटाळून निघून गेल्या. कोंबडी येऊन पायाशी बसली. म्हाळूने भिंतीवरून एकदा डोकावून बायको अशी स्वस्थ बसलेली पाहिली आणि काही न विचारता डोकं परत खाली घेतलं.

थोड्या वेळाने बायजा पाण्याचा तांब्या घेऊन आली. ठकूबाई ताडकन उठली. बायजाने तांब्या तिच्याच हातात दिला. "झाडांना नकोय. तुम्ही प्या."

ठकूबाई प्यायली. तहान लागली होतीच. सकाळपासून तिने पाण्याचा घोट घेतला नव्हता.

ऊन कलायला लागलं. देवळाच्या डोंगराची सावली हळूहळू खाली उतरली, आधी विहिरीवर, मग शेवग्यावर, मग वांग्यांच्या ओळीवर आली. ठकूबाई बघत होती. टोकाच्या झाडाचं एक पान जरासं वर आलेलं तिला दिसलं. वाऱ्याने हललं असेल. मग त्याच्या शेजारचं. मग पलीकडच्या झाडाची दोन. कुणी घागर आणली नव्हती. कुणी जवळही गेलं नव्हतं. ती डोळ्यांत तेल घालून बसली होती. आणि दिवेलागणीच्या आत ती सबंध ओळ, दुपारी मरायला टेकलेली, पानं पसरून उभी राहिली.

ठकूबाई उठली. तिने सरमड बाजूला करून मातीत बोट घातलं. खाली गार ओल होती, चिखल नव्हता.

"कधी घातलं होतंस पाणी?" तिने विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

"काल संध्याकाळी."

ठकूबाईने भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे तिची ओळ होती, निम्मी मेलेली, पायाशी तळं घेऊन उभी. "मग मी रोज दुपारी काय करत होते गं?"

बायजाने बाजूला केलेलं सरमड पुन्हा मातीवर सारलं. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. ठकूबाईच त्या ओळीपुढे उकिडवी बसली आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "बुडवत होते मी त्यांना. खांदे मोडून, पाय भाजून, रोजच्या रोज नेमाने बुडवत होते. आणि दोष दिला बियाला, मातीला, नवऱ्याला." तिला इतकी चीड आली होती की रडू फुटलं. बायजा शेजारी बसली.

"तुला चोर म्हटलं ते दुपारी म्हटलं," ठकूबाई डोळे पुसत म्हणाली. "ते धरू नकोस."

"दुपारचं मी काही धरत नाही," बायजा म्हणाली. "धरलं असतं तर या घरात नांदले नसते."

तेवढ्यात गुरव तेलाचं भांडं घेऊन वाटेने आला. म्हणाला, "ठकूबाई, काय ठरलं?"

"वांगी होतील," ठकूबाई म्हणाली. "जास्ती करून भिंतीच्या या बाजूची. माझ्याकडची जगली तर माझ्याकडची. मान दोन्ही घरांचा लिहा."

"मान एकाच घराचा असतो, बाई."

"माझ्या सासूच्या वेळी हे एकच घर होतं," ठकूबाई म्हणाली. "भिंत आम्ही नंतर घातली."

गुरवाने भिंतीकडे पाहिलं, दोघी जावांकडे पाहिलं आणि मान डोलावून डोंगर चढायला लागला.

त्या दिवसापासून ठकूबाईने दुपारी घागर उचलली नाही. सोपं नव्हतं. पानं लोंबली की तिचे हात शिवशिवायचे. मग ती उठून बायजाच्या शेवग्याखाली जाऊन बसायची आणि उन्हाला, कोंबड्यांना, म्हाळूला तोंडभर बोलायची. संध्याकाळी मातीत बोट घालून बघायची आणि कोरडी असेल तरच पाणी द्यायची. बुडाशी सरमड पसरलं. परसाचा गोठा झाला असं कुणी म्हणालं तर त्याला सकाळीच ऐकवायची. तिच्या ओळीतली थोडी झाडं उठली. कोथिंबिरीचा वाफासुद्धा झाकून ठेवल्यावर एकदाचा हिरवा झाला.

चंपाषष्ठीला देवळापुढे चुली पेटल्या. काटेरी देठाची, पांढऱ्या रेघांची वांगी निखाऱ्यावर भाजली गेली. देवाला नैवेद्य झाला, देवाच्या कुत्र्यांना घास मिळाला, भंडारा उधळला आणि पंगत बसली. पहिलाच म्हातारा बोटं चाटत म्हणाला, "ठकूबाई, काय भरीत झालंय."

हे ऐकायला ती उभा जन्म थांबली होती. तिने ते ऐकलं. मग मागे वळून पाहिलं. बायजा कोपऱ्यात बसून रोडगे मोजून देत होती. ठकूबाईने तिला दंडाला धरून उठवलं आणि पंगतीपुढे उभं केलं.

"हिला सांगा," ती म्हणाली. "वांगी हिने केली. मी नुसतं पाणी घालत होते."

तात्पर्य: उन्हाच्या वेळी कोणतंही झाड मेल्यासारखंच दिसतं, आणि तापलेल्या डोक्याला कोणतंही माणूस वाईटच दिसतं. पाणी घालायचं की उपटून टाकायचं, हे संध्याकाळी ठरवावं. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, फक्त दुपारी आठवत नाही.